हरणाची मादी मारावी की मारू नये: पेनसिल्व्हेनियातल्या भांडणाची पार्श्वभूमी

अमेरिकेत वन्यप्राणी सांभाळण्याचं काम मुख्यतः राज्यांकडे असतं आणि त्याचा बराचसा खर्च शिकारी उचलतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी घातलेल्या देशात राहणाऱ्या आपल्याला हे चटकन पटत नाही. पण पेनसिल्व्हेनिया राज्यात वन्यप्राण्यांचा आणि शिकारीचा कारभार पाहणाऱ्या गेम कमिशनला राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून पैसा मिळत नाही. परवान्यांचं शुल्क, राखीव जमिनींवरचं लाकूड, तेल आणि गॅस, शिवाय 1937 च्या केंद्रीय कायद्यानं बंदुका-काडतुसांवरील करातून येणारा वाटा, यावर त्याचा संसार चालतो. साहजिकच ‘पैसे आमचे, तर ऐका आमचं’ असा शिकाऱ्यांचा सूर असतो.

1895 मध्ये कमिशन स्थापन झालं तेव्हा राज्यात हरीण दिसणं दुर्मीळ झालं होतं. जंगलं तोडली गेली होती आणि बाजारात विकण्यासाठी बेसुमार शिकार झाली होती. सुरुवातीचे रक्षक लोकांना नकोसेच होते. सीली हाउक नावाच्या रक्षकाचा 1906 मध्ये खून झाला, प्रेत नदीत सापडलं. त्याच सुमारास मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं विकत आणून सोडली जाऊ लागली. 1907 मध्ये नियम आला, फक्त नर मारायचा. 1913 मध्ये परवाना आला, 1920 पासून कमिशन स्वतःच्या जमिनी घेऊ लागलं.

मादी वाचवा, हा धडा शिकाऱ्यांच्या इतका अंगवळणी पडला की तो बापाकडून मुलाकडे गेला. हरणं वाढली, मग अतोनात वाढली, कोवळी रोपं खाऊन जंगलाचा तळ उघडा पाडू लागली. 1928 मध्ये कमिशननं उलटा हुकूम काढला, यंदा मादीच मारा. गदारोळ झाला. तेव्हापासूनचं प्रत्येक भांडण माझ्या मते याच धड्याच्या यशातून उपजलेलं आहे. कमिशननंच शिकवलेलं कमिशनलाच पुसता येईना.

त्याचा सर्वांत कडवा अध्याय गॅरी ऑल्ट यांचा. अस्वलांवरच्या कामामुळे हा जीवशास्त्रज्ञ राज्यात लोकप्रिय होता, 1999 मध्ये हरणांचा कारभार त्यांच्याकडे आला. त्यांनी गावोगाव सभा घेऊन सांगितलं, माद्या कमी करा, कोवळे नर वाढू द्या. 2002 पासून बहुतेक भागांत एका बाजूच्या शिंगाला किमान 3 फाटे, पश्चिमेच्या काही जिल्ह्यांत 4, असलेलाच नर मारायची मुभा राहिली. म्हणजे हरीण टप्प्यात आलं तरी आधी दुर्बिणीतून फाटे मोजायचे. हे लोकांनी हळूहळू स्वीकारलं, माद्यांचं मात्र नाही. उत्तरेकडच्या डोंगरांत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या शिकारीच्या खोपट्या आहेत, तिथे ‘हरणंच संपवली’ अशी ओरड झाली. ऑल्ट यांना सभांना बुलेटप्रूफ जॅकेट घालून जावं लागलं. 2004 च्या अखेरीस त्यांनी काम सोडलं. एका शिकारी संघटनेनं कमिशनला कोर्टातही खेचलं.

नाराज शिकाऱ्याच्या हातात आणखी एक शस्त्र आहे, त्याचा आमदार. परवान्याचं शुल्क वाढवायला विधिमंडळाची मंजुरी लागते आणि राज्यातल्या प्रौढ रहिवाशाचा साधा परवाना 1999 पासून सुमारे 20 डॉलरवरच थांबला आहे. महागाई कुठल्या कुठे गेली! हरणं कमी दिसली की शुल्कवाढ अडते, असं साधं गणित.

मग 2019 मध्ये बंदुकीनं हरीण मारण्याच्या हंगामाची सुरुवात बदलली. 1963 पासून थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरचा सोमवार ठरलेला होता. त्या दिवशी कित्येक शाळांना सुट्टी असते, कुटुंबं रविवारीच खोपटीवर पोचलेली असायची. कमिशननं तो शनिवार केला, नोकरदारांना आणि तरुणांना सोयीचं म्हणून. जुन्या मंडळींना मात्र सण हिरावल्यासारखं वाटलं.

मादीचा परवाना तर अनेक वर्षं गुलाबी पाकिटात अर्ज घालून टपालानं जिल्हा खजिनदाराकडे मागवावा लागे. 2023 मध्ये तो ऑनलाइन आणि दुकानांतही मिळू लागला. पहिल्याच दिवशी एवढी झुंबड उडाली की यंत्रणा रखडली, दुकानांपुढे रांगा लागल्या आणि शिव्या अर्थातच कमिशनला पडल्या.