मोळीच्या कडेचेच ऊस का वाळतात?

फेब्रुवारी 2024 मध्ये बालकलाकार सुहानी भटनागर वयाच्या 19व्या वर्षी गेली. घरच्यांनी आजाराचं नाव सांगितलं, डर्मॅटोमायोसायटिस. दोन दिवस सगळीकडे ‘दुर्मीळ आजार’ एवढंच छापून आलं आणि विषय संपला. दुर्मीळ आहे हे खरं, पण माहीत असेल तर तो ओळखता येतो.

स्नायूंना सूज आणणाऱ्या मायोसायटिस कुटुंबातला हा एक. यात दुखण्यापेक्षा ताकद जाते, तीही आधी खांद्यांतली आणि मांड्यांतली. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडतं, पण बरणी फळीवरून उतरवता येत नाही. पंगतीतून उठताना हात टेकावे लागतात, एसटीची पहिली पायरी चढवत नाही, वेणी घालताना हात मध्येच खाली येतात. जोडीला पापण्यांवर जांभळट झाक आणि बोटांच्या सांध्यांवर खवलेदार चट्टे. सावळ्या त्वचेवर तो जांभळा रंग नुसता काळपटपणा वाटतो आणि मग महिनोन्‌महिने ॲलर्जीची मलमं चालतात.

रक्ताच्या रिपोर्टमध्येही फसगत होते. एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले दिसले की संशय लिव्हरवर जातो. पण ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात आणि स्नायूंची मोडतोड झाली की रक्तात उतरतात. अशा वेळी सीपीके, म्हणजे स्नायूंतून रक्तात उतरणारं एन्झाइम मोजणारी चाचणी, करावी. एरवी साधारण दोनशेच्या आत असणारा तिचा आकडा हजारांत गेलेला सापडू शकतो. तो नॉर्मल आला म्हणून मात्र डर्मॅटोमायोसायटिस नाहीच, असं म्हणता येत नाही.

आता या आजारातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून गोठवतात आणि त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. उसाच्या मोळ्यांकडे कापलेल्या टोकाने बघावं तसं दृश्य दिसतं. गोल गोल तंतू, मोळीमोळीने बांधलेले. निरोगी स्नायूत सगळे साधारण एका जाडीचे. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये मोळीच्या आतले तंतू बऱ्यापैकी शाबूत आणि कडेचे तेवढे वाळलेले. कडेचेच का?

जुनं उत्तर कालव्याच्या टेलवरच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला लगेच कळेल. रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं केशवाहिन्यांच्या भिंतींवर जमून त्यांना भोकं पाडतात. केशवाहिन्या मरतात, रक्त कमी पडतं आणि टेलला असलेले तंतू सुकतात. केशवाहिन्या कमी झालेल्या खरोखर दिसतातही. पण 2005 मध्ये बोस्टनच्या स्टीव्हन ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी या स्नायूंतली जनुकं तपासली, तेव्हा इंटरफेरॉनमुळे जागी होणारी जनुकं जोरात चालू असल्याचं दिसलं. इंटरफेरॉन म्हणजे विषाणू आल्याची दवंडी. ती ऐकली की पेशी एमएक्सए नावाचं विषाणूरोधक प्रथिन बनवायला घेतात. हे प्रथिन भरलेलं सापडतं ते नेमकं कडेच्या तंतूंत आणि केशवाहिन्यांत! शत्रूचा पत्ता नसताना पेशी लढाईच्या तयारीत झिजत राहतात. पेशीच्या आत ही दवंडी जाक नावाची एन्झाइम्स पोचवतात, म्हणून त्यांना अडवणारी, मूळची संधिवातासाठी आलेली टोफासिटिनिबसारखी औषधं आता इथेही वापरून बघतात.

हे एकदा कळलं की ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणून खपवले जाणारे काढे आणि पावडरी या रुग्णांना कुणी देऊ नयेत, असं मी कळकळीने सांगेन. यांची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती घरच्यांवरच उठली आहे.

उपचाराची सुरुवात बहुधा प्रेडनिसोलोनने होते. हे स्टेरॉइड जिमवाल्यांचं नव्हे. सोबत प्रतिकारशक्तीला आवर घालणारं मेथोट्रेक्झेट किंवा ॲझाथायोप्रिन देतात, म्हणजे स्टेरॉइड हळूहळू उतरवता येतं. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी, देण्याची 95 रुग्णांवरची चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. 16 आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी 79 टक्के सुधारले, प्लासिबो म्हणजे औषधाविना नुसतं सलाइन-इंजेक्शनसारखं काही घेणाऱ्यांपैकी 44 टक्के. औषध फार महाग आहे. मोठ्या वयात हा आजार झाला तर लपलेला कॅन्सरही शोधावा लागतो, आणि एमडीए-5 या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी सापडली तर फुप्फुसांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

पूर्वी रुग्णाला पडून राहायला सांगत. आता देखरेखीखालचा व्यायाम उपचाराचाच भाग आहे. दर भेटीत फिजिओथेरपिस्ट हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजतात. कधी कधी सीपीके उतरलेला असतो आणि तरी उठणं कमी होत जातं. तेव्हा आजार उलटला की स्टेरॉइडनेच मांड्या खाल्ल्या, हे आधी ठरवावं लागतं. कारण एकात डोस वाढवायचा असतो, दुसऱ्यात कमी करायचा.