शेण, सोनखत आणि निळी ज्योत : कोकणातल्या गोबर गॅसची पार्श्वभूमी

आगोट जवळ आली की दक्षिण कोकणातल्या घरांत अजूनही पहिली चिंता लाकडांची असते. मृग लागायच्या आत लाकडे फोडून मांगरात रचून झाली पाहिजेत, नारळाची सोडणे, करवंट्या आणि माडाची चुडते कोरड्या जागी गेली पाहिजेत. पुढचे चार महिने पाऊस कोसळणार, आणि ओल्या लाकडाचा धूर जाणार तो चुलीपाशी बसलेल्या बाईच्याच डोळ्यांत. कुडाळ-कणकवलीकडे ज्या घरामागे गोबर गॅस आहे, तिथे ही धावपळ बरीच कमी झालेली दिसते. आंघोळीचे पाणी अजून लाकडावर तापते, पण भात, आमटी आणि चहा गॅसवर होतो.

कोकणात लाकूडफाट्याचा प्रश्न फार जुना आहे. इथे चुलीइतकेच लाकूड शेतात जळत आले. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपे, पेरण्याआधी जमिनीवर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या पसरून भाजायच्या, याला राब म्हणतात. त्यासाठी ऐन-किंजळाची झाडे दरवर्षी छाटली जात. इंग्रजांच्या जंगलखात्याने या छाटणीवर बंधने आणली तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत इतका असंतोष उसळला, की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचे काम १८८५ ते १८८७ या काळात चालले. म्हणजे शेण जाळायचे की कुजवायचे, आणि झाड तोडायचे की राखायचे, हे प्रश्न इथल्या शेतकऱ्यापुढे तेव्हापासून उभे आहेत. गोबर गॅसच्या टाकीत हे दोन्ही प्रश्न एकत्र सुटतात. शेणातून जळण मिळते आणि खतही हातचे जात नाही.

या तंत्राचा भारतातला एक अगदी सुरुवातीचा प्रयोग कोकण किनाऱ्यावरच झाला. १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस तयार करण्यात आला. पुढे बराच काळ हा विषय मागे पडला.

कोकणात त्यासाठी मनाची जमीन तयार केली ती सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांनी. जन्म १८९४, रत्नागिरी जिल्ह्यातला. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्यांचे काम, जरी त्यांचा मूळ प्रश्न जळणाचा नव्हता. मैला दुसऱ्या माणसाने का उचलायचा, हा त्यांचा प्रश्न होता. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम मागितले. त्या काळी ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच देत, त्यामुळे त्यांना नकार मिळाला. अप्पासाहेबांनी अन्न तोडले. येरवड्यात असलेल्या गांधीजींनी डिसेंबरमध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केले, तेव्हा कुठे सरकार हलले.

पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम उभारला. मेलेल्या जनावरांची कातडी सोडवून ती कमावण्यापासून मैल्याचे सोनखत करण्यापर्यंत, समाजाने खालच्या मानलेल्या कामांना त्यांनी तिथे शास्त्र आणि प्रतिष्ठा दिली. सवर्ण घरातल्या माणसाने ढोर फाडायचे, ही त्या काळच्या कोकणात केवढी मोठी गोष्ट होती! मैला मातीआड नीट कुजला की त्याला वास राहत नाही आणि तो शेतात सोन्यासारखा उपयोगी पडतो, हे त्यांनी करून दाखवले. २०१६ मध्ये देशाच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाटीवरच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग पहिला आला, तेव्हा मला आधी गोपुरी आठवली.

यंत्राची बाजू याच सुमारास दुसरीकडे आकार घेत होती. जशभाई पटेल यांनी पन्नासच्या दशकात तरंगत्या टाकीचा नमुना तयार केला आणि साठच्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो देशभर नेला. जमिनीत विहिरीसारखे बांधकाम, त्यात शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेले शेण, आणि त्यावर उपडी ठेवलेली लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर येते, वापरला की खाली बसते. आज किती गॅस आहे हे लांबूनही समजते. मला हा नमुना त्याच्या साधेपणामुळे आजही सुंदर वाटतो.

पण कोकणात लोखंड टिकत नाही. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल एकत्र आली की रंगाखालून गंज धरतो. आमच्या शेजारच्या घरी अशी टाकी होती. दर मे महिन्यात ती घासून काळा रंग द्यायचे. एका वर्षी घरात लग्न निघाले आणि रंग राहून गेला. त्याच पावसात टाकीच्या कडेला करंगळी जाईल एवढे भोक पडले. गॅस तिथून निघून जाऊ लागला आणि घर पुन्हा चुलीवर आले. पुढची कित्येक वर्षे त्या खड्ड्यात अळू माजलेले मी पाहिले आहे. आज वाटते ते असे, की नुसती चूल परत आली एवढेच नुकसान नव्हते. या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो, आणि न जळता हवेत गेलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो. गळका गोबर गॅस तसाच सोडून देणे म्हणजे पर्यावरणाचे नुकसानच.

गंजाला उत्तर मिळाले ते पक्क्या घुमटातून. चिनी नमुन्यावरून १९७८ मध्ये ‘जनता’ संयंत्र आले, आणि १९८४ मध्ये अफप्रो या संस्थेने त्यात सुधारणा करून ‘दीनबंधू’ बनवले. यात हलणारा एकही भाग नाही. विटा-सिमेंटचा घुमट मातीखाली असतो. गॅस साठला की तो शेणकाल्याला बाहेरच्या कुंडीत ढकलतो, शेगडी पेटवली की तोच काला परत आत येऊन गॅसला दाब देतो. लोखंड गेले, बांधकाम कमी झाले आणि खर्चही उतरला. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला होता, त्यामुळे अनुदानही मिळू लागले. मात्र घुमटाला आतून केलेला गिलावा निर्दोष लागतो, केसाएवढी भेग सगळे बिघडवते. म्हणून इथे अनुदानापेक्षा हाताला सवय झालेला गवंडी जास्त मोलाचा. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानासारख्या संस्थांनी गावोगाव हे काम लावून धरले.

रोजचे काम फार नाही, पण नेम चुकवून चालत नाही. आमच्या वाडीतल्या एक काकी सकाळी गोठा झाडून झाला की दोन घमेली शेण कुंडीत टाकतात, तेवढेच पाणी ओततात आणि हाताने कालवतात. कालवताना बोटांनी गवत शोधून बाहेर काढतात. “काडी ऱ्हवली काय नळी तुंबता,” असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते. मग बूच काढले की पातळ शेण गडगडत आत जाते आणि पलीकडच्या तोंडातून जुनी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेलेला काला, हळूच वर येते. तिला शेणाचा वास जवळजवळ नसतो. ती पाटाने थेट माडांच्या आळ्यात जाते.

आता अडचण आहे ती जनावरांची. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण लागते. कोकण कपिला ही इथली गाय लहान चणीची, शेण बेताचे देणारी. त्यात तरुण माणसे मुंबईला, नांगर जाऊन पॉवर टिलर आलेला, गोठ्यात एखादेच जनावर. यावर दोन वाटा निघाल्या. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकटे आणि पिष्टमय कचऱ्यावर चालणारे छोटे संयंत्र विकसित केले, त्याला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला अॅश्डेन पुरस्कार मिळाला. पर्यटकांची खानावळ चालवणाऱ्या किनाऱ्यावरच्या घरांना ते सोयीचे आहे. दुसरी वाट शौचालय संयंत्राला जोडण्याची. देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

कोकणात दुसऱ्या वाटेवर अडखळायला होते. काकींच्या मुलाने गेल्या वर्षी शौचालय जोडायचे काढले, तेव्हा त्यांनी त्या शेगडीवर देवाचा नैवेद्य होणार नाही असे सांगून टाकले. आता त्या घरात दोन शेगड्या आहेत. नैवेद्य सिलिंडरवर होतो, बाकी स्वयंपाक दुसरीवर. श्रावणात पुराने सिलिंडरची गाडी आठवडाभर आली नाही, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो होतो. नारळीपौर्णिमेचा नारळीभात निळ्या ज्योतीवर शिजत होता.