फिजिओथेरपी फक्त दुखणं आल्यावरच?

ज्येष्ठांनी पडू नये म्हणून आधीच व्यायाम शिकवणारी सेवा फिजिओथेरपिस्टनी सुरू केली की काही जण 'धंदा वाढवतायत' म्हणतात. कारण हाड मोडलं, लकवा मारला किंवा गुडघा बदलला की मगच फिजिओथेरपिस्टकडे जायचं, हा समज घराघरांत पक्का बसलाय. त्याचंच जुळं भावंड म्हणजे 'पडू नये म्हणून आजींनी बसूनच राहावं'. हा दुसरा समज तर घातक आहे. बसून राहिलं की मांड्यांची ताकद जाते, तोल आणखी बिघडतो.

2019च्या कॉक्रेन आढाव्यानुसार (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) व्यायामामुळे ज्येष्ठांच्या पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटतं. न्यूझीलंडमधला ओटागो हा व्यायामाचा कार्यक्रम तर घरीच करायचा असतो: घोट्याला वजन बांधून पाय उचलणं, टाचांवर नि चवड्यांवर चालणं, जोडीला फेरफटका.

दवाखान्यात आधी साधी चाचणी घेतात. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका मानतात. त्यावरून व्यायाम ठरतो आणि ताकद वाढेल तसा अवघड करत न्यावा लागतो; कागदावर एकदा लिहून दिला नि झालं, असं नसतं. म्हणून अशी सेवा सुरू करणाऱ्यांना 'धंदा वाढवतायत' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

चक्कर येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.