‘वयच तसा आसा’ म्हणण्याआधी

दहावीतला मुलगा ताट सरकवून उठतो, पडवीचं दार आपटतो आणि आजी म्हणते, ‘वयच तसा आसा.’ या समजुतीला शास्त्राचं बळ मिळालं १९०४ मध्ये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी किशोरवयाला वादळी काळ ठरवलं. वादळ म्हटलं की ओसरायची वाट बघायची, एवढंच हातात उरतं.

या वादळाची मुळं लहानपणात सापडतात का, हे पाहणारा एक अभ्यास सुरू झाला १९५६ मध्ये. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १३३ मुलांचा तान्हेपणापासून मागोवा घेतला. झोप-भुकेला वेळकाळ नाही, नव्या माणसाला बिचकायचं, रडायला लागलं की आकांत: असं साधारण दहातलं एक मूल ‘अवघड’ निघालं. पुढच्या अडचणी याच मुलांत जास्त दिसल्या. मात्र दोष त्यांनी मुलाच्या पिंडावर टाकला नाही. तो पिंड आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचं जुळतं का, हे त्यांनी महत्त्वाचं मानलं.

कोकणाला जवळचा वाटेल तो अभ्यास हवाईतल्या कौआई बेटावरचा. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर लक्ष ठेवलं. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं आजारपण अशा अनेक जोखमी असलेल्या मुलांपैकी एक तृतीयांश तरी चांगली मार्गी लागली. त्यांच्या पाठीशी कुणीतरी भक्कम मोठं माणूस होतं, कधी आजीसुद्धा. बाप मुंबईत चाकरमानी आणि घर आजीच्या जिवावर, हे इथं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. म्हणून सगळं आलबेल, असं मात्र मी म्हणणार नाही. गणपतीला येऊन चार दिवसांत शिस्त लावू पाहणारा बाप आणि आजीचे रोजचे लाड, यांचा मेळ पोरालाच घालावा लागतो.

न्यूझीलंडच्या डुनेडिनमधल्या हजारावर मुलांच्या पाहणीने २०११ मध्ये आणखी एक दुवा दिला: तीन ते अकरा या वयात स्वतःला आवरणं ज्यांना जड गेलं, त्यांची तिशीतली तब्येत आणि पैशाची घडी सरासरीने कच्ची निघाली.

आपल्याकडे २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, मानसिक आरोग्यासकट. पण तो दहा वर्षांपासून पुढे. खुणा दिसतात अंगणवाडीच्या वयात. आजीचा पदर मुठीत धरून दारातच हुंदके देणारं पोर ‘रुळेल दोन दिवसांत’ म्हणून सुटतं. बहुतेक रुळतातही. महिना उलटला तरी जे रुळत नाही, त्याची नोंद वजन-उंचीशेजारी करायला काय हरकत आहे?