चांगला हात बांधून ठेवायचा? सीपीच्या थेरपीबद्दल थोडंसं

माझ्या भाच्याला उजव्या बाजूचा सीपी आहे, सेरेब्रल पाल्सी. साडेचार वर्षांचा आहे. ओटीवाल्या (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं हाताने करायला शिकवणाऱ्या) ताईंनी जेव्हा सांगितलं की रोज दोन तास याच्या चांगल्या, म्हणजे डाव्या हातात जाड मोजा घालून ठेवायचा, तेव्हा आमची आई जाम भडकली, "एक हात आधीच चालत नाही, दुसरा पण बांधता? मग पोराने खायचं कशाने?" मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं खरं तर, म्हणून मग वाचायला बसले.

तर सीपीत मूळ दुखापत मेंदूला झालेली असते, पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा नंतर लगेच, आणि ती पुढे वाढत नाही. हाताचा स्नायू मुळात धड असतो पण वरून येणारी ऑर्डर नीट पोचत नाही. आता बाळाच्या बाजूने विचार करा, खुळखुळा उजव्या हाताने धरायला गेलं की पडतो, डाव्याने गेलं की मिळतो, मग ते उजव्याच्या नादाला लागेल कशाला? हळूहळू तो हात त्याच्या हिशोबातूनच जातो. म्हणजे जेवढं त्या हाताला जमू शकतं तेवढंही तो करत नाही, कारण कधी शिकलाच नाही.

हे आधी माकडांमध्ये दिसलं होतं. एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने माकडाच्या एका हाताच्या फक्त संवेदनेच्या नसा कापल्या, हालचालीच्या नसा शाबूत, तरी माकडाने तो हात वापरणं सोडून दिलं. मग चांगला हात काही दिवस बांधून ठेवला तर "गेलेला" हात परत कामाला लागला! (अशाच प्रयोगातल्या माकडांवरून 1981 मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या लॅबवर पोलिसांची धाड पडली, टॉबवर क्रूरतेचा खटला चालला, शिक्षा नंतर रद्द झाली. माकडांचे हाल वाचून मला काही बरं वाटलं नाही, पण शोध खरा होता.) पुढे अलाबामात त्याने हेच स्ट्रोकच्या पेशंटवर केलं, आणि 2004 मध्ये लहान मुलांवरचा अभ्यास छापून आला. सीपीची 18 मुलं, काही तर वर्षाच्या आतली, त्यातल्या निम्म्यांच्या चांगल्या हाताला प्लास्टर आणि रोज 6 तास खेळतखेळत सराव, असे 21 दिवस. या मुलांना सरासरी 9 नव्या हालचाली यायला लागल्या आणि नेहमीची थेरपी घेणाऱ्यांना 2 च्या आसपास.

पण गंमत पुढे आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत अँड्र्यू गॉर्डनच्या टीमने काहीच न बांधता, दोन्ही हात लागतील अशी कामं मुलांना तेवढेच तास करायला दिली, आणि फायदा जवळपास तेवढाच झाला. म्हणजे जादू मोज्यात नाहीच, तासांमध्ये आहे, आणि ते तास मुलाने स्वतः हात चालवण्यात गेले पाहिजेत.

हा "स्वतः" शब्द आपल्याकडे पचायला सगळ्यात जड जातो. आपल्याकडे थेरपी म्हणजे पोराला गादीवर झोपवायचं, फिजिओ पाय ताणणार, आजी तेल लावून मालिश करणार, मूल रडणार आणि तासाभराने घरी. मालिशने झोप छान लागते, ते करा की, पण मालिश होताना काम दुसऱ्याचे हात करतात, मुलाचा मेंदू काहीच शिकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दीडशेहून जास्त अभ्यास चाळून प्रत्येक उपचाराला सिग्नलसारखा हिरवा, पिवळा, लाल रंग दिला. हिरव्यात काय आलं तर वर सांगितलेल्या दोन्ही पद्धती, आणि घरच्या घरी ठरवून केलेला सराव. थेरपिस्टने आपल्या हाताने मुलाची हालचाल "बरोबर" करून द्यायची ती बोबाथ पद्धत, जी वर्षानुवर्षं जगभर शिकवली गेली, ती लाल रंगात गेली. यावर थेरपिस्ट लोकांमध्ये अजून भांडणं चालू असतात.

सीपी सुधारेल म्हणून मुलाला ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बसवण्यावर पैसे घालवणाऱ्यांसाठी एक सांगते. कॅनडात 111 मुलांवर ट्रायल झाली, 2001 मध्ये छापली. अर्ध्यांना जास्त दाबाचा ऑक्सिजन, अर्ध्यांना थोड्याशा दाबाची साधी हवा. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, अगदी सारखीच! म्हणजे जास्तीच्या ऑक्सिजनचा वेगळा फायदा दिसला नाही.

अर्थात सरावाने सगळं होतं असंही नाही. सीपीच्या 5 लेव्हल असतात, पाचवी सगळ्यात गंभीर, त्या पाचव्या लेव्हलच्या मुलाला कितीही सराव दिला तरी ते स्वतंत्र चालेल असं म्हणणं म्हणजे आईबापांना फसवणं आहे. तिथे नीट बसता येणं, दुखणं कमी होणं, चित्रावर बोट किंवा नजर ठेवून "मला हे पाहिजे" सांगता येणं हीच मोठी कामं, आणि खुबा सरकतोय का हे एक्सरे काढून बघत राहावं लागतं. बोटॉक्सचं इंजेक्शनही कडक स्नायू साधारण तीनेक महिने सैल करतं, त्या काळात काही शिकवलं तर ठीक.

आमच्याकडे आता सराव म्हणजे भुईमुगाच्या शेंगा. एका हाताने शेंग सोलून बघा, जमत नाही. सुरुवातीला त्याची उजवी मूठ उघडायचीच नाही, आता अंगठा आणि पहिल्या बोटात शेंग धरतो, डाव्याने फोडतो, दाणे निम्मे जमिनीवर. माझ्या आईला हात पुढे करून मदत करायची नाही हे शिकवणं पोराला शिकवण्यापेक्षा अवघड गेलं. (आणि हो, वाचून लगेच घरी हात बांधायला जाऊ नका, किती तास आणि कसं ते थेरपिस्टलाच ठरवू दे.)

मोज्याचा त्याला भयंकर राग आहे. दाताने ओढून काढतो आणि लपवतो. परवा दिवसभर शोधला, शेवटी कणकेच्या डब्यात सापडला. त्या डब्याचं झाकण इतकं घट्ट आहे की दोन्ही हात लावल्याशिवाय उघडत नाही.