थायरॉइड आणि पॅराथायरॉइडचे विकार

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली श्वासनळीवर बसलेली दोन पाकळ्यांची ग्रंथी, वजन साधारण 15 ते 25 ग्रॅम. तिच्या मागच्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढ्या सहसा चार ग्रंथी चिकटलेल्या असतात, त्या पॅराथायरॉइड. शेजार सोडला तर दोघींचं काम अगदी वेगळं, पहिली शरीराचा वेग ठरवते, दुसऱ्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात, म्हणून आजार वेगळे, तपासण्या वेगळ्या आणि औषधंही वेगळी. थायरॉइडची रक्ततपासणी, टीएसएच, आता तालुक्याच्या लॅबमध्येही होते आणि थायरॉइडबद्दल बायका एसटीत बसल्या बसल्या एकमेकींना सल्ले देतात, पण दर दोन वर्षांनी मुतखड्याने लोळणाऱ्या माणसाचं कॅल्शियम तपासायचं मात्र फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आयोडीन, मासळी आणि मीठ

थायरॉइड आयोडीन वापरून टी4 आणि टी3 ही हार्मोन्स बनवते, आणि किती बनवायची ते मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून सांगते. हार्मोन कमी पडलं की टीएसएच वाढतं, जास्त झालं की टीएसएच खाली जातं, रिपोर्ट उलटा वाचायचा तो त्यामुळे. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, गरोदर बाईला 250 लागतं. ते मिळालं नाही तर ग्रंथी फुगते, तो गलगंड.

आपल्याकडे कोकणात पक्की समजूत अशी की मासे खाणाऱ्याला थायरॉइड होत नाही. अर्धं खरं आहे. समुद्री मासळीत आयोडीन असतं, पण ते माशामाशागणिक बदलतं, आणि पावसाळ्यात होड्या बंद, श्रावणात ताटातून मासळी गायब, काही घरं तर मुळातच शाकाहारी. दुसरी समजूत जास्त घातक, की मीठ समुद्राचंच आहे म्हणजे आयोडीन असणारच. शिरोड्याच्या नाहीतर उरण-पेणच्या मिठागरातल्या खडेमिठात नैसर्गिक आयोडीन नगण्य असतं, पाकिटातल्या मिठात ते पोटॅशियम आयोडेट म्हणून मुद्दाम घातलेलं असतं.

हे घालायला लागले त्यामागे हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्याचा अभ्यास आहे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1956 पासून तिथे काही भागात आयोडीनचं मीठ आणि काही भागात साधं मीठ देऊन बघितलं, आयोडीनच्या भागात गलगंड स्पष्ट कमी झाला, आणि 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गलगंड म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचा आजार असं तेव्हा वाटायचं, पुढच्या पाहण्यांत कळलं की किनारपट्टीची राज्यंसुद्धा यातून सुटलेली नाहीत. आता नियम असा की कारखान्यात मिठात 30 पीपीएम (दहा लाख भागांत 30 भाग) आणि घरी पोचेपर्यंत निदान 15 पीपीएम आयोडीन हवं.

कोकणात अडचण मिठाच्या बरणीत आहे. जुलैत मीठ पाझरतं, बरणीच्या तळाशी पाणी साठतं, आणि आपण ते पाणी ओतून देऊन उरलेले खडे वापरतो, त्या पाण्याबरोबर आयोडीनही जातं. लहान पाकीट आणावं, घट्ट झाकणाच्या डब्यात चुलीपासून लांब ठेवावं आणि जमेल तिथे मीठ शेवटी टाकावं. मासे खारवायला नि लोणच्याला खडेमीठ वापरा हवं तर, रोजच्या आमटीत नको.

थायरॉइड मंदावणं

हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त. आयोडीन पुरेसं असलं तरी तो होतो, कारण तेव्हा मुख्य कारण हाशिमोटो आजार असतं (जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटोंनी 1912 मध्ये वर्णन केलेला), यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उठते. अँटी-टीपीओ नावाची तपासणी त्यासाठीच असते. म्हणजे रोज बांगडा खाणाऱ्या बाईलाही हा होऊ शकतो आणि बांगडा वाढवून तो बरा होत नाही. उलट समुद्री शेवाळाच्या गोळ्या किंवा आयोडीनचे थेंब आपल्या मनाने घेतले तर बिघडू शकतं.

लक्षणं इतकी साधी की कुणी आजार मानत नाही. थकवा, थंडी जास्त वाजणं, वजन वाढणं, बद्धकोष्ठता, केस गळणं, कातडी कोरडी, पाळीत जास्त रक्त जाणं, सकाळी तोंड सुजल्यासारखं, मन उदास. चाळिशीतल्या बाईने यातलं काही सांगितलं की घरचे वयाचं कारण देतात आणि विषय संपतो. वजनाचंही सांगायला हवं, थायरॉइडमुळे वाढतं ते बहुतेकदा थोडंच असतं, पंधरा-वीस किलोचा सगळा आळ त्या एका ग्रंथीवर घालता येत नाही.

टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण 0.4 ते 4, लॅबप्रमाणे थोडा फरक. टीएसएच 10 च्या वर असेल तर सहसा गोळी सुरू करतात, 4 ते 10 च्या मध्ये असेल आणि टी4 नॉर्मल असेल तर वय, लक्षणं, गरोदरपण बघून ठरवतात, नाहीतर काही आठवड्यांनी परत तपासतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवाव्यात, त्याने रिपोर्ट खोटा येऊ शकतो.

औषध म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, ग्रंथी जे बनवत नाही तेच बाहेरून दिलेलं. 1891 मध्ये जॉर्ज मरे या इंग्लिश डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका बाईला बरं केलं होतं, आज तेच काम शंभर मायक्रोग्रॅमच्या आसपासची गोळी करते. स्वस्त आहे, फक्त घ्यायची पद्धत जपावी लागते. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही. कोरा चहासुद्धा नाही, दूध घातलेलं नाही म्हणून चालतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पेज नंतर. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. उपवास असला तरी गोळी चुकवायची नाही, देव त्यावर रागवत नाही. बाटली स्वयंपाकघरात नको, ओल आणि उष्णता दोन्हीने गोळीचा जोर कमी होतो, आपल्या हवेत गोळ्या आठवड्याच्या डबीत आधीच काढून ठेवण्यापेक्षा मूळ बाटलीत झाकण घट्ट लावून ठेवलेल्या बऱ्या. डोस बदलला की टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासायची, आधी तपासून उपयोग नाही कारण हे औषध शरीरात हळूहळू साठतं.

टीएसएच नॉर्मल आली की गोळी बंद करणारे पुष्कळ. नॉर्मल आली ती गोळीमुळेच. बाळंतपणानंतर किंवा ग्रंथीला सूज येऊन काही महिन्यांपुरती थायरॉइड मंदावते तेव्हा गोळी सुटू शकते, हाशिमोटोत सहसा जन्मभर घ्यावी लागते. गरोदर राहिल्यावर डोस साधारण 25 ते 30 टक्के वाढवावा लागतो, म्हणून पाळी चुकल्या चुकल्या डॉक्टरांना सांगावं. आणि बाळ जन्मलं की टाचेतून रक्त घेऊन टीएसएच बघून घ्यावी, जन्मतःच थायरॉइड नसलेल्या मुलाला पहिल्या दोन आठवड्यांत औषध मिळालं तर त्याची बुद्धी नीट वाढते.

थायरॉइड जास्त चालणं

छाती धडधडते, हात थरथरतात, भूक असून वजन उतरतं, घाम, जुलाब, झोप नाही, चिडचिड. सगळ्यात मोठं कारण ग्रेव्हज आजार, त्यात काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, आणि सिगारेट ओढणाऱ्याचे डोळे जास्त बिघडतात. कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल सहसा 12 ते 18 महिने देतात, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत त्याऐवजी प्रोपिलथायोयुरासिल. या गोळ्या चालू असताना ताप येऊन घसा दुखला तर मिठाच्या गुळण्या करत बसू नये, गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजाव्यात, क्वचित त्या एकदम कमी होतात.

गोळ्यांनी भागलं नाही तर रेडिओआयोडीन नाहीतर ऑपरेशन. रेडिओआयोडीन म्हणजे आयोडीन-131, तोंडाने घ्यायचं, ते थायरॉइडमध्येच जाऊन बसतं आणि जास्त चालणाऱ्या पेशी मारतं. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून आहे. घेतल्यावर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं असतं, त्यामुळे घरात गणपती आणि मुंबईचे चाकरमानी येणार असतील तर तारीख विचारूनच घ्यावी.

गाठ

गिळताना वरखाली हलणारी गळ्यासमोरची गाठ बहुधा थायरॉइडची. मानेच्या बाजूला असेल तर टीबीच्या गाठीपासून बरंच काही असू शकतं. थायरॉइडच्या बहुतेक गाठी साध्या निघतात. सोनोग्राफी आणि लागलीच तर बारीक सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी. सुई टोचली की कॅन्सर पसरतो ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यापायी लोक वर्ष वर्ष घालवतात, ती निराधार आहे. कॅन्सर निघालाच तर बहुतेकदा पॅपिलरी जातीचा, जो वेळेत ऑपरेशन झालं तर फार चांगला आटोक्यात येतो. रायगड-रत्नागिरीची माणसं यासाठी मुंबई गाठतात, सिंधुदुर्गातली बरीचशी गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात.

पॅराथायरॉइड

या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या एका भारतीय गेंड्यात, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या, रिचर्ड ओवेन या इंग्लिश शरीररचनातज्ज्ञाला. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन 1880 मध्ये स्वीडनमधल्या उप्पसालाच्या इवार सँडस्ट्रॉमने केलं. पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजे पीटीएच, रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की हाडातून काढतं, लघवीतून जाणारं अडवतं, आणि ड जीवनसत्त्व चालू करून आतड्यातून जास्त ओढून घेतं.

चारपैकी एखादीत साधी गाठ होऊन ती मनाला येईल तसं पीटीएच सोडायला लागली की कॅल्शियम वाढतं. मग मुतखडे, हाडं दुखणं, साध्या पडण्याने मोडणं, पोटदुखी, तहान, सारखी लघवी, विसराळूपणा. आपल्याकडे मुतखडा म्हटला की कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, शहाळी, आणि पाणी भरपूर प्यायल्याने फायदा होतोही. पण खडा परत परत होत असेल, दोन्ही बाजूंना असेल किंवा जोडीला हाड मोडलं असेल तर कॅल्शियम, पीटीएच, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) एकत्र करून घ्यावं. कॅल्शियम साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅमच्या मध्ये असतं. ते वाढलं की पीटीएच दबायला हवं, दोन्ही वाढलेली असतील तर संशय पॅराथायरॉइडवरच. पीटीएच वाढलेलं आणि कॅल्शियम नॉर्मल किंवा कमी असेल तर आधी ड जीवनसत्त्व आणि किडनी बघायची, डायलिसिसवरच्या माणसात हे नेहमी दिसतं.

चार्ल्स मार्टेल हा अमेरिकन व्यापारी जहाजाचा कॅप्टन या आजाराने काही इंच बुटका झाला होता, हाडं एवढी खचली. 1926 पासून गळा उघडून उघडून गाठ सापडेना, 1932 मध्ये सातव्या ऑपरेशनला ती छातीत सापडली, आणि काही आठवड्यांतच मुतखड्याच्या त्रासात तो गेला. आता आधी सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅनने गाठ शोधतात, मग लहान चिरेतून काढतात, आणि टेबलावरच दहा मिनिटांत पीटीएच निम्म्याच्या खाली आलं की योग्य गाठ निघाल्याचं कळतं.

उलटा प्रकार जास्त करून थायरॉइडच्या ऑपरेशननंतर होतो, पॅराथायरॉइड चुकून निघतात किंवा त्यांचा रक्तपुरवठा दुखावतो. कॅल्शियम लगेच उतरत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतं, म्हणजे नेमकं पेशंट डिस्चार्ज घेऊन कोकणकन्येत बसलेला असताना. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, मग हात आखडून बोटं एकत्र चिकटल्यासारखी होतात. त्यामुळे निघताना कॅल्शियमचा रिपोर्ट बघून, कॅल्शियमच्या आणि कॅल्सिट्रिऑलच्या (चालू रूपातलं ड जीवनसत्त्व) गोळ्या जवळ ठेवूनच निघावं, आणि हात आखडला तर पुढच्या स्टेशनला उतरून शिरेतून कॅल्शियम घ्यावं, घरी पोचून बघू म्हणू नये. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत सावरतात. सहा महिन्यांनंतरही सावरल्या नाहीत तर गोळ्या सहसा कायमच्या, आणि तेव्हा कॅल्शियम मुद्दाम नॉर्मलच्या खालच्या टोकाला ठेवतात, कारण पीटीएच नसताना ते जास्त चढवलं तर लघवीतून सांडतं आणि त्याचेच खडे होतात.