शेतातली सुरक्षा : गमबूट, लाल त्रिकोण आणि सातबारा

मृग लागला की शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दर वर्षी तोच संदेश फिरायला लागतो. गमबूट घाला, हातमोजे घाला, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नका. यात चुकीचं काही नाही. फक्त लावणीच्या दिवसांत चिखलणी केलेल्या खाचरात गमबूट घालून दहा पावलं चालून पाहावं. पाय वर येतो, बूट खालीच राहतो, आणि वरून पाणी शिरलं की तो काढून बांधावर ठेवण्याखेरीज इलाज नसतो. बायका अनवाणी लावणी करतात त्या अडाणी म्हणून नाही. हाच बूट ऑक्टोबरात कापणीला आणि बांधावरचं गवत काढताना खरोखर कामाचा असतो, कारण फुरसं आणि घोणस तेव्हा नेमकी तिथेच सापडतात. पण संदेश जूनमध्ये येतो. ऑक्टोबरात ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छा असतात.

शेतकरी जपून काम का करत नाही, याचं सरकारी कागदातलं ठरलेलं उत्तर ‘जनजागृतीचा अभाव’ असं असतं. ठाणे जिल्ह्यातला गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा क्रम पाहिला तर हे उत्तर तोकडं पडतं. इथे माणूस जपला तो बहुतेक वेळा हातातलं साधन बदललं म्हणून, घातक वस्तू दुकानातून हटली म्हणून, किंवा घाई करण्याचं कारण उरलं नाही म्हणून. भाषण ऐकून जपलेला विरळाच.

त्याआधीच्या काळाबद्दल थोडक्यात. पाठीवर इरलं असलं की पाऊस झेलला जायचा आणि लावणीला दोन्ही हात मोकळे राहायचे. कमरेला बांधलेल्या आकडीत कोयता मागच्या बाजूला अडकवायचा, म्हणजे उघडं पातं हातात धरून निसरड्या बांधावरून चालावं लागत नसे. राब, म्हणजे रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा, भाजायला वारा पडलेला असताना, शेजाऱ्याला सांगून, हाताशी ओला टहाळा ठेवून बसायचं. याला कुणी सुरक्षा म्हणत नव्हतं, ती कामाची रीत होती. सगळंच शहाणपणाचं होतं असंही नाही. पान लागल्यावर, म्हणजे साप चावल्यावर, भगताकडे नेण्यात गेलेले जीव कुणी मोजलेच नाहीत.

मोठा फरक पडला तो कारखाने आल्यावर. १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९७० मध्ये नवी मुंबईसाठी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या भातशेती-मिठागरांवर संपादनाची रेघ ओढली गेली. जमिनी कशा गेल्या, त्यांच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के विकसित जमिनीचं काय झालं, हे इथल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. सुरक्षेच्या अंगाने मात्र त्या काळातली एक गोष्ट फारशी कुणी नोंदवलेली नाही. शेती पुरती सुटलेली नसलेला, आठवडाभर कंपनीत आणि रविवारी शेतात असणारा माणूस या पट्ट्यात आणि कल्याणच्या ग्रामीण भागात एक पिढीभर होता. कंपनीत टोपी नसेल तर त्याला गेटवरून परत पाठवत. यंत्राच्या पट्ट्याला जाळी नसेल तर १९४८ च्या कारखाने कायद्याखाली निरीक्षक जाब विचारी. रविवारी तोच माणूस उघड्या पट्ट्याच्या पंपाजवळ लुंगी नेसून वाकलेला असे.

माणूस एकच, अक्कलही तीच. कंपनीत त्याच्या बोटाची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागणार होती, शेतात ती त्याची त्यालाच मोजायची होती, एवढाच फरक. दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळतात. १९६६ साली ज्या संस्थेच्या स्थापनेवरून हा दिवस आला, तिचं मुख्यालय आज बेलापुरात आहे. ज्या खाडीकाठी एके काळी भात पिकायचं, तिथे आता देशाची सुरक्षा-प्रशिक्षणं होतात, आणि त्यातली बहुतेक कारखान्यांसाठी.

शेतीकडे कायद्याचं लक्ष गेलं तेही वळसा घेऊन. १९५८ मध्ये केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात, पॅराथिऑन हे कीटकनाशक लागलेलं गव्हाचं पीठ खाऊन शंभरहून अधिक माणसं दगावली. त्या घटनेच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ मध्ये नियम आले. म्हणजे मुळात हा कायदा खाणाऱ्याच्या जिवासाठी झाला, फवारणाऱ्यासाठीचे कपडे आणि मास्क नियमांमधून मागाहून आले. डब्यावरचे रंगीत त्रिकोण याच नियमांमधले. प्रयोगातले निम्मे प्राणी किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेने मरत असतील तर लाल, पुढे पिवळा, निळा आणि हिरवा. लाल म्हणजे जहाल, हे बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो हिरव्याचा. ‘सगळ्यात कमी विषारी’ असा त्याचा अर्थ असताना सिग्नलच्या सवयीने तो ‘बिनधास्त’ असा वाचला जातो. बाकी सूचना घडी घातलेल्या कागदावर इतक्या बारीक छापलेल्या असतात की दुकानदार सांगेल तेच प्रमाण. ‘पंपाला एक झाकण’ हे माप कायद्यात कुठेही नाही, शहापूरच्या भेंडीवाल्यांकडे मात्र तेच चालतं.

१९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदा जास्त सरळ होता. मळणी यंत्रात हात जाऊन लुळे झालेल्यांची संख्या गव्हाच्या पट्ट्यात वाढली, तेव्हा कायद्याने आधी यंत्र बनवणाऱ्याला धरलं. त्याने परवाना घ्यावा आणि पेंढी सरकवायची नळी अशी ठेवावी की हात आतल्या दात्यांपर्यंत पोचू नये. भात झोडणाऱ्या आपल्या खळ्यांना तेव्हा त्याची गरज नव्हती. आता घरोघरी एक फेज मोटरवरची छोटी मळणी यंत्रं आली आहेत आणि पदर किंवा ओढणी फिरत्या भागात ओढली जाण्याची भीती आहे. तो कायदा अजून आहे. यंत्र विकणाऱ्या दुकानात त्याचं नाव काढून पाहा.

कीटकनाशकांच्या बाबतीत खरा फरक बंदीने पडला. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच मनाई होती. पण कापसावर चालत असल्याने बाटली दुकानात राहिली, आणि दुकानात राहिली ती भाजीवरही गेली. २०१३ मध्ये बिहारात शाळेच्या जेवणात तेच विष जाऊन २३ मुलं गेली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, शेकडो दवाखान्यात होते. पुरुषभर उंच वाढलेला कापूस, बारीक तुषार उडवणारे बॅटरीचे पंप, दोन-तीन औषधांची मिसळ अशी अनेक कारणं पुढे आली, आणि बोट फवारणाऱ्याच्या निष्काळजीपणाकडेही गेलं. त्यानंतर राज्यभर परिपत्रकं निघाली, संरक्षक किट वाटले गेले. मुरबाडच्या दमट हवेत तो चष्मा घातला की थोड्याच वेळात धुकं धरतो आणि मास्कमध्ये श्वास कोंडतो. किट माळ्यावर गेले. मोनोक्रोटोफॉसवरची देशव्यापी बंदी २०२३ मध्ये आली. माझ्या मते त्या एका आदेशाने जे साधलं, ते सगळ्या किटांनी मिळून साधलं नाही.

आता या विषयातला सगळ्यात गुंतागुंतीचा धागा, अपघात योजनेचा. २००५-०६ पासून राज्यात शेतकऱ्यांसाठी अपघात विमा आहे. नावं बदलत गेली, रक्कम लाखावरून दोन लाखांवर गेली, आणि २०१५ पासून ती एका दिवंगत नेत्याच्या नावाने ओळखली जाते. सर्पदंश, वीज, विजेचा शॉक, बुडणं, विषबाधा, उंचावरून पडणं, जनावराचा हल्ला, सगळं त्यात आहे. रस्ता आणि रेल्वे अपघातही आहेत. वाद या यादीवर नाही. वाद आहे तो पात्र कोण यावर, आणि त्याचं उत्तर एका निर्णयाने ठरलं. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, तो शेतकरी.

या निर्णयाने काय झालं ते ठाण्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचित कुठे दिसत असेल. वासिंदचा खातेदार मुंबईला नोकरीला जाताना दिव्याजवळ लोकलमधून पडला, तर कागद पुरे असल्यास त्याचं घर पात्र ठरू शकतं, मग तो शेतात वर्षभर गेला नसला तरी. त्याच्याच शेतात रोजाने कापणी करणाऱ्या कातकरी बाईला घोणस चावली, तर या योजनेत तिच्यासाठी जागा नाही. अर्धेलीने किंवा तोंडी खंडाने दुसऱ्याचं शेत करणाऱ्यालाही नाही. योजना अपघात कुठे झाला ते विचारत नाही, जमीन कुणाची ते विचारते.

निर्णयाची बाजू मांडणारे म्हणतात की सरकारला कुठली तरी एक कागदी खूण हवीच होती, आणि सातबाऱ्याइतकी पक्की खूण दुसरी नाही. हे पटण्यासारखं आहे, पण जिथे सातबारा जिवंत आहे तिथेच. ठाणे-नवी मुंबईत अनेक सातबाऱ्यांवर अजून पणजोबाच आहेत. भावकीत तंटा, बिल्डरशी बोलणी अर्धवट, बहिणींची हक्कसोडपत्रं राहिलेली, म्हणून फेरफार झालेला नाही. प्रत्यक्षात नांगर धरणारा नातू कागदावर कुणीच नसतो. मग माणूस गेल्यावर गाव नमुना सहा-क, वारस नोंद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांची जुळवाजुळव सुरू होते. विषबाधा असेल तर व्हिसेऱ्याच्या, म्हणजे पोटातल्या अवयवांच्या तपासणीच्या, अहवालासाठी थांबणं आलंच.

लावणी-कापणीचं कंबर मोडणारं काम ज्या बायका करतात, त्यांची नावं सातबाऱ्यावर अगदी थोडी. ही ओरड वाढल्यावर २०१९ मध्ये खातेदाराबरोबर घरातल्या आणखी एका व्यक्तीला, सातबाऱ्यावर नाव नसलं तरी, संरक्षण मिळालं. वय १० ते ७५. हा बदल छोटा दिसतो, पण बायकांच्या दृष्टीने योजनेतला सगळ्यात मोठा बदल तोच. तरी तो घराच्या उंबऱ्यापाशी थांबला, मजुरापर्यंत गेला नाही.

दुसरा वाद विमा कंपन्यांचा. गाडी चालवायचा परवाना नव्हता, दारूचा वास होता, अर्ज उशिरा आला अशा कारणांनी दावे नाकारले जात, आणि वारसांना ग्राहक मंचाची पायरी चढावी लागे. २०२३ मध्ये राज्याने विमा कंपन्यांना बाजूला करून थेट सानुग्रह अनुदान सुरू केलं आणि प्रकरणं तालुक्याच्या समितीकडे आली. पैसे मिळायची वाट सोपी झाली असं म्हणता येईल. पण शेतात कशाने किती माणसं जखमी होतात याची नीट मोजणी त्यातून झाली नाही, कारण आकड्यांत लोकलमधून पडलेला खातेदार आहे आणि घोणस चावलेली मजूर बाई नाही. या आकड्यांवरून शेतीच्या सुरक्षेचं धोरण ठरवायचं म्हटलं तर पहिला उपाय दिव्याच्या फलाटावर करावा लागेल.

दरम्यान शेतातला धोका सरकला. बैल कमी झाले, चिखलणीला पॉवर टिलर तासावर येतो. तासाचं भाडं मालकाच्या डोक्यात असतं, पुढच्या शेताची वेळ चालवणाऱ्याच्या. खाचराच्या कोपऱ्यात वळताना रोटरी चालू ठेवूनच टिलर मागे घेतला जातो आणि फिरती पाती थेट चालवणाऱ्याच्या नडगीकडे येतात. ती आधी बंद करायला काही सेकंद लागतात, पण त्या काही सेकंदांचंही भाडं चढत असतं. भिवंडीच्या गोदामांत बारमाही रोज मिळत असल्याने कापणीला माणसं मिळत नाहीत. घरची मंडळी सुट्टीच्या दिवशी, अंधार पडेपर्यंत, मोबाइलच्या उजेडात उरकतात. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतात, आणि तेव्हाच कापलेलं भात शेतात पसरलेलं असतं. दामिनी ॲप धोक्याचा इशारा देतं. भारे उचलायचे राहिले असतील तर तो इशारा पाहून घरी जाणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

उलट वैभव विळ्याचं उदाहरण घ्या. खोडकिड्यासाठी भात जमिनीलगत कापावं म्हणून हा दातेरी, हलका विळा सुचवला गेला. लोकांनी तो घेतला कारण वारंवार धार लावावी लागत नाही आणि मनगट दुखत नाही. सुरक्षेचं नाव कुणी काढलं नाही, तरी तो हातात बसला.

सर्पदंशाच्या बाबतीत मात्र अलीकडे वेगळं वळण आलं. २०१४ पासून १०८ ची गाडी आली, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं प्रतिविष ग्रामीण रुग्णालयात मिळू लागलं, तेव्हा भगताकडे जाणं आपोआप कमी झालं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. त्याच नोव्हेंबरात राज्यांना सर्पदंश हा नोंद करण्याजोगा आजार ठरवायला सांगितलं. याचा अर्थ संशयित असो वा खात्रीचा, प्रत्येक दंश आणि मृत्यू सरकारी तसंच खासगी दवाखान्याने कळवायचा. ही नोंद केसपेपरवरून होते, त्यामुळे खातेदार आणि मजूर दोघेही तिच्यात येतात. मुरबाड-शहापूरकडच्या दवाखान्यांतून ती नियमित झाली, तर कोणत्या महिन्यात माणसं जास्त येतात ते कळेल, आणि गमबुटाचा संदेश कधी पाठवायचा तेही.